ग्रंथ नव्हे, अंक

शकुन,

परवा नालवाडीला तुझ्या घरी बैठक झाली. ती तुझ्याबद्दल होती, म्हणून तिचा वृत्तांत तुला द्यायला हवा. तुझ्या शाळेतले सहकारी होते, तुझा मावसभाऊ होता, तुझे निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांनी येण्याआधीच ठरवलं होतं की तुझा स्मृतिग्रंथ काढायचा. जाड पुठ्ठा, सोनेरी अक्षरं, पहिल्या पानावर तुझा रंगीत फोटो, मग मान्यवरांचे संदेश. सगळे मनापासून बोलत होते. तुझी माय कोपऱ्यात बसून ऐकत होती. मी भिंतीला टेकून बसले होते आणि माझा राग चढत चालला होता.

मी म्हणाले, "ग्रंथ नको. अंक काढू."

मुख्याध्यापक सर समजावणीच्या सुरात म्हणाले, "निर्मलाताई, अंक म्हणजे आज आला अन् उद्या रद्दीत गेला. माणूस गेल्यावर काहीतरी टिकणारं हवं."

मला हसू आलं, शकुन, तशा प्रसंगातही. हे वाक्य मी तुला किती वेळा ऐकवलं होतं! तू ज्या बाजूने भांडायचीस ती बाजू आता माझ्याकडे आली आहे, आणि समोर सरांच्या तोंडून मीच बोलते आहे.

आपलं भांडण शब्दांवरून सुरू झालं ते माझ्या घरी, सिंदीला. आपण दोघी रोज पॅसेंजरने वर्ध्याला कॉलेजात जायचो. तुझी माय जिनिंगमध्ये कामाला, माझ्या वडिलांचं किराण्याचं दुकान. गाव एकच, पण तू आमच्या घरात पहिल्यांदा आलीस ती बी.ए.च्या नोट्स उतरवायला. मोठी आई, म्हणजे माझी थोरली काकू, नुकती पूजा आटोपून बसली होती. पाटावर लाल फडक्यात बांधलेली पोथी होती. छापलेलं काही दिसलं की तुझा हात आपोआप जायचा, तसा तो गेला.

"बाई, ती पोथी आहे," मोठी आई म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "निमा, तिला पुस्तक दे एखादं."

तू हात मागे घेतलास. शांतपणे विचारलंस, "मोठ्याई, पोथीत अन् पुस्तकात काय फरक असते?"

मोठी आई गडबडली. वाईट बाई नव्हती ती. तुला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही तिनं. थोडा विचार करून म्हणाली, "पोथीची पानं सुटी असतात. पुस्तकाला शिवण असते."

मी म्हणाले, "फरक तो नाही, मोठ्याई. तुम्हाला माहीत आहे." ती उठून चुलीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी स्टेशनाच्या वाटेवर तू मलाच रागावलीस. "तू काऊन बोलली वं? तिनं जवाब तर बरोबर देला. पोथीले शिवण नसतेच." थोडं चालून गेल्यावर म्हणालीस, "पण मले एक समजलं. छापलेल्या कागदाले दोन नावं देली की कोनी हात लावाचा अन् कोनी नाई, थे ठरून जाते. आता मी हरेक नावाले विचारीन, तू काऊन आलं म्हणून."

आणि तू विचारलंसच. पुढची सगळी वर्षं विचारलंस. मी ग्रंथालयशास्त्र शिकून वर्ध्याच्या वाचनालयात लागले, तू जामच्या सरकारी शाळेत शिक्षिका झालीस, नालवाडीला घर केलंस. रविवारी माझ्या टेबलासमोर बसून तू माझी उलटतपासणी घ्यायचीस. लहान पुस्तकाला पुस्तिका का म्हणतात? पानं कमी म्हणून, मी सांगायचे. अठ्ठेचाळीसपर्यंत पुस्तिका, त्यापुढे पुस्तक, असा आमच्याकडे हिशेब आहे. "म्हणजे लेखिकेनं लिहिली थे पुस्तिका, असं नोहे काय?" तू मिश्कीलपणे विचारायचीस. "वर्षाले दहाच अंक काढले तरी मासिकच का?" "स्मरणिका कोनाच्या स्मरणात राह्यते?" गौरवग्रंथ जिवंत माणसाचा आणि स्मृतिग्रंथ मेलेल्याचा, हे मी सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, "अन् वाचणारा दोन्हीले नाई."

मग एका सकाळी तू माझ्या टेबलावर 'धुरा'चा पहिला अंक ठेवलास. डीटीपी तेव्हा वर्ध्यात नुकतं आलं होतं. तू मात्र जुन्या खिळ्यांच्या छापखान्यात छापून घेतला होतास. आत एकही लेखक-लेखिका नव्हती. शाळेतल्या पोरींच्या आया होत्या, त्यांच्या भाषेत, त्यांच्या नावानिशी. एकीने सरकीच्या ढिगावर झोपणाऱ्या लेकराबद्दल सांगितलं होतं. एकीने दुसऱ्या लग्नाबद्दल. मी उभ्या उभ्या अर्धा वाचला. आणि मग, काय करणार, मी पहिल्या पानावर तारीख शोधली.

तारीख नव्हती. अंकाचा क्रमांक नव्हता. वर्गणी नव्हती. नावाखाली एकच शब्द होता: अनियतकालिक.

"मी याला ठेवू कुठे?" मी विचारलं. "नियतकालिकांच्या मांडणीवर ठेवायचं तर त्याला काळ हवा. साप्ताहिक, पाक्षिक, मासिक, त्रैमासिक, काहीतरी. पुस्तकांत ठेवायचं तर हे पुस्तक नाही."

"जवा बायांजवळ बोलाले असते अन् माह्याजवळ कागदाले असते, तवा निघते. मंग काय म्हणू त्याले?"

"निदान तारीख तरी घाल."

"तारीख घातली की शिळं होते, निमे."

"आणि नाही घातली तर पन्नास वर्षांनी कुणाला कळणार की ही बाई कधी बोलली?"

दुसऱ्या अंकावर तू तारीख घातलीस. याचं श्रेय तू मला कधी दिलं नाहीस, आणि मी कधी मागितलं नाही. दर काही अंक साठले की बांधून घे, खंड कर, पुठ्ठा लाव, असं मी म्हणत राहिले आणि तू टाळत राहिलीस. तुझं म्हणणं, अंक हातात मुडपता आला पाहिजे, पदराखाली नेता आला पाहिजे. माझं म्हणणं, मुडपलेला कागद मुडपीवर फाटतो. दोघींचंही खरं होतं. 'धुरा' हे नाव तू शेताच्या बांधावरून ठेवलं होतंस. बाया काम थांबवून दोन घटका बसतात ती जागा, असं तू म्हणायचीस. आणि दोन शेतकऱ्यांची कोर्टकचेरी जिथून सुरू होते तीही तीच, असं मी.

कचेरीचं बोलावणं आलं ते पाण्याच्या अंकामुळे. जामजवळच्या एका गावातल्या बायांनी सांगितलं होतं की बोअरवेलवर आधी कुणाचे हंडे भरतात आणि बौद्धपुऱ्यातल्या बायांनी कुठवर थांबायचं असतं. नावं नव्हती घेतली कुणाची, पण गाव आपलं तोंड ओळखतंच. गावातल्या काही वजनदार लोकांनी वर अर्ज केला. पाण्याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. अर्ज असा होता की सरकारी शाळेतली शिक्षिका परवानगीशिवाय नियतकालिक चालवते.

मी नियम काढून वाचला. सरकारी माणसाला परवानगीशिवाय वृत्तपत्र किंवा नियतकालिक चालवता येत नाही. वाङ्मयीन पुस्तक लिहायला मात्र आडकाठी नाही. मला इतका आनंद झाला की मी वाचनालय शिपायावर सोपवून थेट तुझ्याकडे नालवाडीला आले. सगळं उत्तर मी तयार करून आणलं होतं. काळ ठरलेला नाही, क्रमांक नाही, वर्गणी नाही. म्हणजे हे नियतकालिक नाहीच. प्रत्येक 'धुरा' ही स्वतंत्र पुस्तिका आहे. ज्या गोष्टींसाठी मी तुला इतकी बोलले होते, त्याच आता तुला वाचवणार होत्या.

"फक्त 'पुस्तिका' म्हण," मी सांगितलं. "एक शब्द. बाकी काही बोलू नको."

तू मान हलवलीस. तुझ्या मायनंही सांगितलं, "निमा म्हणते तसं म्हणजो, पोरी. नोकरी हाय."

चौकशीला मी तुझ्यासोबत आले होते, दाराशी बसले होते. दार उघडंच होतं. साहेब सौम्य होते, तेही सुटका शोधत होते असं मला वाटलं. पाण्याचा अंक त्यांच्या समोर होता. त्यांनी तो उचलून विचारलं, "बाई, हे नेमकं आहे काय? पुस्तक आहे की मासिक?"

तू म्हणालीस, "अंक आहे, साहेब."

"म्हणजे नियतकालिक?"

"नियत नाई. पण अंक आहे. याच्या मागे एक होता अन् याच्या पुढे एक येईन."

त्यांनी पेन खाली ठेवलं. पुढे काय झालं ते आपल्या दोघींना माहीत आहे. लेखी ताकीद आली, आणि त्या उन्हाळ्यात तुझी बदली पार आर्वीकडच्या गावात झाली.

बाहेर येऊन मी तुला काय काय बोलले! नोकरीपेक्षा शब्द मोठा आहे काय, म्हणाले. तुझ्या मायनं जिनिंगमध्ये श्वास घालवून तुला शिकवलं ते याच्यासाठी काय, म्हणाले. तू कचेरीसमोरच्या टपरीवर दोन चहा सांगितलेस आणि माझं बोलून होऊ दिलंस. मग म्हणालीस, "पुस्तिका म्हटलं असतं तर थे तिथंच संपलं असतं. पुढचा निघाला असता तर म्हणले असते, बाई, तुमचं पुस्तक तर झालं ना, मंग हे काय? त्या बायांले मी सांगतलं होतं, ज्यायचं राह्यलं त्यायचं पुढच्या अंकात घेईन. अंक म्हणजे थे सांगणं असते, निमे."

मला पटलं नाही. आजही पूर्ण पटलेलं नाही, आणि तू गेलीस म्हणून पटल्यासारखं दाखवणार नाही. तू 'पुस्तिका' म्हणाली असतीस तर रोज त्या एसटीच्या धक्क्यांत तुझी तब्येत उतरली नसती, असं मला वाटतं. तू म्हणशील, त्याचा काही संबंध नाही. बरं, राहू दे. हा मुद्दा असाच अर्धा राहू दे.

पण त्याच टपरीवर तू मला विचारलं होतंस, "तू तर सरकारी नोकर नाई. संपादक म्हणून तुव्हं नाव टाकू काय?"

मी हो म्हटलं. इतक्या लवकर हो म्हटलं की तुझा कप हातातच राहिला. पुढच्या अंकापासून 'संपादक' या शब्दापुढे माझं नाव लागलं आणि तुझं कुठेच नाही. काम सगळं तूच करायचीस. शनिवारी तिकडून निघून जामला उतरायचीस, बायांकडे बसायचीस, रविवारी माझ्याकडे कागद घेऊन यायचीस. मी शुद्धलेखन बघायचे आणि तू माझी दुरुस्ती खोडायचीस. "तिनं 'गेलती' म्हटलं होतं. तू 'गेले होते' केलं. हे बोलणारी बाई कोन, तुव्ही मोठ्याई काय?" लोक मला सभांना बोलवायचे, संपादिका म्हणून हार घालायचे. मी अवघडायचे. तू मागच्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवायचीस आणि बाहेर आल्यावर हार स्वतःच्या गळ्यात घालून चालायचीस.

तुझे किती आभार मानायचे राहिले ते मला आता कळतं आहे. वाचनालयात मी लोकांनी छापून पाठवलेलं रचून ठेवत होते. चांगलं काम आहे ते, मला आवडतं. पण छापायच्या आधी शब्द कुठे असतो, चुलीपाशी, दुकानाच्या फळीवर, हातातल्या कामात, हे मी तुझ्यामागून चालत पाहिलं. तू नसतीस तर माझा जन्म त्याशिवाय गेला असता आणि काही कमी आहे हे मला कळलंही नसतं.

कावीळ झाली म्हणून तू दवाखान्यात गेलीस. उतरेल असं सगळेच म्हणत होते. शेवटी मी आले तेव्हा तुझे डोळे हळदीसारखे झाले होते आणि आवाज बारीक. तब्येतीचं विचारू दिलं नाहीस. म्हणालीस, "जामच्या बायांचं बाकी आहे."

ते मला माहीत होतं. हमरस्ता चौपदरी होणार होता. फाट्यावर चहाची, भज्यांची, संत्र्यांची दुकानं लावणाऱ्या बायांना उठावं लागणार होतं. कुणी कुठे जायचं हे अजून ठरलं नव्हतं. तुझ्या मनात तो अंक पुरा होता. एकेकीने आपली जागा कशी धरली, ऊन कुठून येतं, ट्रकवाले काय मागतात, पहिल्या दिवशी काय विकलं, हे सगळं घ्यायचं, आणि तो अंक मोजणी करणाऱ्यांच्या हातात द्यायचा.

"बरी हो," मी म्हणाले. "मग मोठा विशेषांक काढू."

"मी बरी होईन तवा होईन," तू म्हणालीस. "बाया तवरोक तिथं राह्यत नाई."

मी तुझ्या पायांवरची चादर नीट केली. नर्स आली, मला बाहेर काढलं. आपलं शेवटचं बोलणं अंकाबद्दल झालं याचं मला सुरुवातीला फार वाईट वाटलं. काहीतरी दुसरं बोलायला हवं होतं, असं वाटत राहिलं. आता तसं वाटत नाही. तुला जे बोलायचं होतं तेच तू बोललीस.

म्हणून परवा बैठकीत मी सरांना सांगितलं की टिकणारं हवं हे खरं आहे, पण फाट्यावरच्या बायांना आत्ता हवं आहे. ग्रंथाला लेख गोळा व्हायचे, संदेश यायचे, प्रकाशनाला पाहुणे ठरायचे; तोवर तिथे रस्ता झालेला असेल. मावसभाऊ म्हणाला, "पण ताईच्या नावानं काही निघायला हवं की नाई?" त्याचंही चूक नव्हतं.

तेव्हा तुझी माय पहिल्यांदा बोलली. मला म्हणाली, "मोठं पुस्तक निघू दे ना वं, निमे. तिचा फोटो राहीन त्यात. मले वाचता येत नाई, पण पाहता येते."

इतका वेळ मी तुझ्या बाजूने भांडत होते आणि तुझ्या मायचा विचारच केला नव्हता. ग्रंथ उघडत नाहीत हे तू म्हणायचीस. पण ती उघडेल. ती रोज उघडेल.

"निघू दे, माय," मी म्हणाले. "सर ग्रंथ काढतील. शकुनचा फोटो द्यायचा तो मी शोधून देते. पण मी अंक काढणार. तोही निघणार."

"मंग दोन्ही निघू द्या," ती म्हणाली. "भांडून कायले राह्यले?"

तिनं सगळ्यांना चहा दिला. सरांनी माझ्याकडे लेख मागितला. मी सांगितलं की लेख लिहीन, पण तो अंकात जाईल. तुम्हाला हवा तर तिथून घ्या. तो हाच. संपादकाने स्वतःचं लिखाण पुढे छापू नये असा तुझा दंडक होता, म्हणून तो शेवटच्या पानावर टाकणार आहे, बायांच्या मागे. संपादक म्हणून तुझं नाव लावावं का, यावर मी पुष्कळ विचार केला. नाही लावणार. तू आता पुढचा अंक काढणार नाहीस. ज्याला काढायचा आहे त्याचंच नाव तिथे असावं, नाहीतर तो शब्द खोटा होईल, आणि खोट्या शब्दाला तू माझ्या टेबलावर टिकू दिलं नसतंस.

काल, रविवारी, मी जामला गेले. एकटी पहिल्यांदाच. मला तुझ्यासारखं कुणाशी बोलता येत नाही, हे तू जाणतेस; मी टेबलामागची बाई. फाट्यावर उतरले तेव्हा मोजणीचे चुन्याचे पट्टे दुकानांच्या मागून गेलेले होते. भज्यांच्या दुकानावर एक बाई कढईतून घाणा काढत होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. तुझं नाव सांगितलं. तिला बातमी कळली होती. तिनं झारा बाजूला ठेवला, पदर डोळ्यांना लावला. एक ट्रक थांबला, ड्रायव्हरने भजी मागितली, तिनं बांधून दिली.

मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मास्तरीणबाई म्हणे, तुमच्या सगळ्यायचं छापीन. आता त्या तर गेल्या. तुमी कोन?"

"मी 'धुरा'ची संपादक," मी म्हणाले.

इतकी वर्षं छापलेलं होतं ते, पण तोंडाने मी पहिल्यांदाच म्हटलं. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. फळीवरचं पातेलं उचलून जागा केली.

"बसा मंग," ती म्हणाली. "अन् पह्यले हे लिहा, की हे दुकान माह्या नवऱ्याचं नोहे. हे म्या लावलं."